पडद्यावरचे तुकोबा, गाथेतले तुकोबा



गेल्या माघात आमच्या गावचा सप्ताह पार पडला. काल्याचे कीर्तन झाले, पंगती उठल्या आणि मंडळी मांडवात पान-सुपारी करीत बसली. मी आता कीर्तनाला उभा राहत नाही. गुडघ्यांनी आणि दमाने एकदमच साथ सोडली. मागे भिंतीला टेकून ऐकतो, चाल ओळखीची आली तर मान डोलावतो. त्या दुपारी आमच्या फडातला एक टाळकरी मुलगा जवळ आला. वय असेल अठराएक. पायावर डोके ठेवून म्हणाला, "महाराज, एक विचारू का? मोबाईलवर जुना 'संत तुकाराम' पाहिला, काळा-पांढरा. त्यात दाखवलंय ते सगळं खरं हाये का?"

मी सवयीने म्हणून गेलो, "खरं आहे, बाळा." त्याचे समाधान झाले, तो गेला. माझे मात्र झाले नाही. पोराने सरळ मनाने विचारले आणि मी टाळून दिले. कीर्तनकाराने गादीवरून उतरल्यावरसुद्धा शब्दाला जबाबदार राहिले पाहिजे, असे आमच्या गुरुजींनी शिकवले होते. तेव्हा त्या मुलाला जे उत्तर द्यायला हवे होते ते येथे लिहितो. वाचक माऊलींनीही ते तपासून घ्यावे.

हा चित्रपट मी पहिल्यांदा पाहिला तेव्हा आठ-नऊ वर्षांचा होतो. गावच्या जत्रेत तंबू लागला होता. आजीने मला कडेवरून नव्हे, पण बोटाला धरून नेले. तंबूच्या दाराशी बायांनी वहाणा काढल्या. कोणी सांगितले नव्हते, पण देवळात जाताना काढतात तशा काढल्या. पडद्यावर तुकोबा दिसले आणि आजीने पदर पसरून नमस्कार केला. पुढे कोणीतरी पडद्यापाशी नारळ फोडला. घरी येताना आजीने जत्रेतून एक तसबीर आणली आणि ती आमच्या देव्हाऱ्यात विठोबाच्या उजव्या हाताला लागली. ती अजून तिथेच आहे. तिचे काय ते शेवटी सांगेन.

पुण्याच्या प्रभात फिल्म कंपनीने हा चित्रपट १९३६ साली काढला. कंपनी मूळची कोल्हापूरची, १९२९ मध्ये निघालेली, १९३३ मध्ये पुण्यास आली. दिग्दर्शक दोघे, विष्णुपंत दामले आणि शेख फत्तेलाल. फत्तेलालांना सारे साहेबमामा म्हणत. दोघेही कोल्हापूरला बाबूराव पेंटरांच्या हाताखाली तयार झालेले, रंग, लाकूड आणि यंत्र यांत हात बुडवलेले कारागीर. कथा शिवराम वाशीकरांची, संगीत केशवराव भोळ्यांचे, तुकोबा झाले विष्णुपंत पागनीस आणि जिजाई झाल्या गौरी. मुंबईत हा चित्रपट एकाच चित्रगृहात वर्षाहून अधिक काळ चालला आणि १९३७ साली इटलीतल्या व्हेनिसच्या महोत्सवात त्याचा गौरव झाला. एका मुसलमान कारागिराच्या हातून तुकोबांचे चरित्र उभे राहिले याचे काहींना नवल वाटते. वारकऱ्याला वाटू नये. श्रीगोंद्याचे शेख महंमद आपल्याच संतमालिकेत आहेत.

आता त्या मुलाच्या प्रश्नाकडे येतो. "खरे" म्हणजे काय? तुकोबांच्या चरित्राचे आपल्याकडचे मोठे साधन म्हणजे ताहराबादचे महीपतीबुवा. त्यांचा 'भक्तविजय' १७६२ चा आणि 'भक्तलीलामृत' १७७४ चे. तुकोबांचे वैकुंठगमन शके १५७१ च्या फाल्गुन वद्य द्वितीयेचे. म्हणजे महीपती लिहायला बसले तेव्हा मध्ये शंभराहून अधिक वर्षे गेली होती. त्यांनी ऐकलेले, वाचलेले, कीर्तनांतून चालत आलेले गोळा केले आणि ओवीत बसवले. काय आधी सांगायचे, काय लांबवायचे, कोठे श्रोत्याच्या डोळ्यांत पाणी आणायचे हे त्यांनी ठरवले. तेही इतिहासाचा अर्थ लावणेच झाले. मी पन्नास वर्षे कीर्तन केले, त्यात दुसरे काय केले? तेव्हा सिनेमावाल्यांनी चरित्रात आपले घातले म्हणून कीर्तनकाराने दगड उचलू नये. अर्थ लावला का, हे विचारण्यात हशील नाही. विचारायचे ते हे, की अर्थ लावताना काय हाती आले आणि काय हातून सुटले.

हाती काय आले ते आधी सांगतो. हाती आली जिजाई. आम्ही कीर्तनकारांनी या माऊलीवर फार अन्याय केला आहे. तिला कर्कशा केले, तिच्या तोंडी शिव्या घालून मांडवात हशा पिकवला. मीही पिकवला. चित्रपटातली जिजाईसुद्धा ओरडते, रागावते, आजारी पोराला ओढत देवळात नेते आणि विठोबावर वहाण उगारते. पण ते पाहताना हसू येत नाही. घरात दाणा नाही, पोर तापाने फणफणले आहे, नवरा अभंगात रमला आहे, अशा बाईने देवाला जाब विचारायचा नाही तर कोणाला? दामले-फत्तेलालांनी ते घर, ती चूल, त्या बाईचे कष्ट इतक्या जवळून दाखवले की तिचा राग हीही भक्तीच आहे हे न सांगता कळते. विठोबाला काळ्या म्हणून भांडणारी ही बाई भंडारा डोंगरावर नवऱ्याची भाकरी घेऊन जात होती, असे परंपरा सांगते. वाटेत तिच्या पायातला काटा देवाने काढला, असेही सांगते. हे मी शेकडो वेळा सांगितले असेल. पण तिच्या पायाकडे पाहायला मला या चित्रपटाने शिकवले.

दुसरी गोष्ट पागनीसांची. ते पूर्वी नाटकांत स्त्रीभूमिका करीत. तुकोबा करताना त्यांनी आवाज चढवला नाही, हातवारे केले नाहीत. जणू शेजारच्या वाड्यातला माणूस दारात बसून भजन करतो आहे असे ते गातात. संतपण हे भपक्यात नसून साधेपणात असते, हा त्या चित्रपटाचा निवाडा आहे आणि तो आपल्या परंपरेला धरून आहे.

आता सुटले काय ते पाहू.

पहिली गोष्ट दुष्काळाची. १६३० पासून दोन-तीन वर्षे दख्खनेत जो दुष्काळ पडला त्याने मुलूख ओस पडला. तुकोबांचे वय तेव्हा विशीच्या आसपास. घर महाजनाचे, पेठेत दुकान, पण दुष्काळाने सारे धुऊन नेले. पहिली पत्नी रखुमाबाई अन्नावाचून गेल्या, मुलगा संतू गेला. हे कोणा चरित्रकाराने रचलेले नाही, बायको अन्न अन्न करीत मेली हे तुकोबांनी स्वतः गाथेत सांगितले आहे. त्या दुःखातून आणि लाजेतून ते भंडाऱ्यावर गेले. माझ्या मते तुकोबांचे वैराग्य समजून घ्यायचे तर दार येथूनच उघडते. १९३६ च्या चित्रपटात हा दुष्काळ नाही आणि रखुमाबाईही नाहीत. तेथे तुकोबा पहिल्यापासून शांतच आहेत. त्यामुळे त्यांची शांती कोठून आली, किती मोल देऊन आली, हे प्रेक्षकाला कळत नाही. २०१२ साली चंद्रकांत कुलकर्णी यांनी जितेंद्र जोशींना घेऊन 'तुकाराम' काढला. त्यात हा दुष्काळ आला, रखुमाबाई आल्या, कर्जदार आले. नातवाने मला तो पुण्यात नेऊन दाखवला. शेतकऱ्याच्या आत्महत्येची बातमी सकाळी पेपरात वाचायची आणि संध्याकाळी तो दुष्काळ पडद्यावर पाहायचा, असे ते दिवस होते. ज्या काळाला जे दुखत असते ते तो काळ चरित्रात आधी शोधतो, एवढे मला त्या दिवशी उमगले. नव्या चित्रपटाची गोडी जुन्याला नाही आणि जुन्याची नव्याला नाही. पण भुकेच्या बाबतीत नवा चित्रपट गाथेच्या अधिक जवळ आहे.

दुसरी गोष्ट सालोमालोची. चित्रपटात तुकोबांचा वैरी सालोमालो. अभंग चोरणारा, ढोंगी, मत्सरी. लोक त्याला पाहून हसतात आणि चिडतात. परंपरेत देहूचा मंबाजी आहे, त्याचेही रंग यात मिसळले आहेत. चित्रपटात रामेश्वरशास्त्रीही आहेत, वह्या बुडवण्याची आज्ञाही आहे. पण सारी कळ लावतो सालोमालो. म्हणजे सालोमालो नसता तर काही घडलेच नसते, असे पाहणाऱ्याला वाटून जाते. येथे माझी तक्रार आहे. वाघोलीचे रामेश्वर भट्ट विद्वान होते, लुच्चे नव्हते. त्यांचा आक्षेप अधिकाराचा होता: शूद्राने प्राकृतात वेदार्थ सांगावा काय? तो आक्षेप एकट्याच्या मत्सराचा नव्हता, त्या काळच्या सगळ्या शास्त्रव्यवस्थेचा होता. भल्या, शिकलेल्या माणसाच्या हातून अन्याय होतो तेव्हा तो शास्त्राच्या नावाने होतो, ही या प्रसंगातली खरी शिकवण. एक विदूषक पुढे केला की ती झाकली जाते. प्रेक्षक सालोमालोला हसून घरी जातो आणि आपल्यातल्या रामेश्वर भट्टाला तपासत नाही.

आणि तेच रामेश्वर भट्ट पुढे तुकोबांच्या चरणी लागले. तुकोबांची जी आरती आपण रोज म्हणतो ती त्यांचीच. ज्याने वह्या बुडवायला लावल्या त्याचीच आरती घराघरात चालते. असा पालट साऱ्या जगाच्या इतिहासात किती सापडेल? चित्रपटात शास्त्रीबुवांचा पश्चात्ताप आहे, पण सालोमालोच्या गडबडीत तो मनावर ठसत नाही.

तिसरी गोष्ट राष्ट्राची. जरा सावकाश सांगावी लागेल.

न्यायमूर्ती रानडे यांनी १९०० साली मराठ्यांच्या सत्तेच्या उदयावर इंग्रजीत ग्रंथ लिहिला. संतांनी जातीपातींचे बंध सैल केले, मराठी भाषेला मान दिला, लोकांना एकत्र आणले आणि त्या जमिनीवर शिवरायांचे राज्य उभे राहिले, असा त्यांचा विचार. इतिहासाचार्य राजवाडे यांना हे मान्य नव्हते. संतांच्या शिकवणीने माणसे निवृत्त झाली, कर्तबगारी खचली, असे ते म्हणत. हा वाद विद्वानांत चालू राहिला. चित्रपट आला तेव्हा देश पारतंत्र्यात होता आणि राष्ट्र कशावर उभे करायचे हा साऱ्यांच्या मनातला प्रश्न होता. दामले-फत्तेलालांनी त्या वादाला आपल्या परीने उत्तर दिले. शिवराय तुकोबांकडे येतात, नजराणा ठेवतात, कीर्तनात रंगून राज्य सोडू पाहतात, आणि तुकोबा त्यांना क्षात्रधर्माकडे परत पाठवतात. शत्रू चालून येतो तेव्हा देव राजाला राखतो. हे प्रसंग महीपतींकडे आहेतच, चित्रपटाने हवेतून काढलेले नाहीत. पण १९३६ साली ते पडद्यावर पाहताना लोकांच्या अंगावर जो काटा आला असेल तो निव्वळ भक्तीचा नव्हता. भक्ती माणसाला दुबळे करत नाही, हे त्यांना ऐकायचे होते.

मला हे उत्तर अर्धे पटते. तुकोबांनी राजाला त्याच्या कामाकडे परत पाठवले, यात काही खोटे नाही. पण परंपरा त्याआधी आणखी एक गोष्ट सांगते. दिवट्या, छत्री, घोडे आले ते तुकोबांनी परत केले. राजाला आशीर्वाद दिला आणि दरबारात जायचे नाकारले. दोन्ही गोष्टी जोडूनच सांगाव्या लागतात. पहिलीच सांगितली तर तुकोबा राज्याचे भाट होतात. दुसरीच सांगितली तर ते जगाला पाठ फिरवलेले बैरागी होतात. चित्रपटात नजराणा नाकारला जातो, पण मनात उरतो तो शिवरायांना वाचवणारा चमत्कार. आज सभा-मिरवणुकांत तुकोबांचे नाव घेताना हाच पहिला भाग तेवढा घेतला जातो. राष्ट्राला संत हवे असतात, हे ठीक. पण राष्ट्राला हवा तेवढाच संत कापून घ्यायचा, हे ठीक नाही.

याच प्रभातने एक वर्ष आधी, १९३५ साली, एकनाथ महाराजांवर 'धर्मात्मा' काढला. दिग्दर्शक व्ही. शांताराम, नाथ झाले बालगंधर्व. त्याचे नाव आधी 'महात्मा' ठेवले होते, सरकारी सेन्सॉरमुळे ते बदलावे लागले. महात्मा म्हटले की लोकांच्या डोळ्यांपुढे कोण येते हे सरकारला पक्के ठाऊक होते. गांधीजींची अस्पृश्यता निवारणाची देशभरची यात्रा नुकतीच झाली होती. त्या चित्रपटात नाथ महाराच्या घरी जेवायला जातात. लोकांनी पाहिले, डोळे पुसले. आणि पंढरीत? पांडुरंगाच्या दाराशी त्याच जातींना आणखी बारा वर्षे अडवलेलेच होते. १९४७ च्या मे महिन्यात साने गुरुजींनी पंढरपुरात प्राण पणाला लावून उपोषण केले तेव्हा ते दार उघडण्याचे ठरले. चोखोबांची समाधी महाद्वाराशी आणि चोखोबांची लेकरे बाहेर, हे आपण वारकऱ्यांनी शतकानुशतके पाहिले. नाथांच्या चरित्रातला तो प्रसंग आम्ही कीर्तनकार दरवर्षी षष्ठीला सांगत होतो. सांगत होतो आणि दार बंद होते. पडद्यावरच्या लोकांनी आपलाच इतिहास आपल्याला दाखवला, हे मी मान खाली घालून मान्य करतो. कलावंत आपल्यापेक्षा कमी अधिकाराचा असला तरी कधी कधी तो आपल्याआधी पोचतो.

आता माझी स्वतःची चूक.

'संत तुकाराम' मध्ये बीज, अंकुर आणि वृक्ष यांवर एक गाणे आहे. एका बीजापासून कोटी वृक्ष आणि शेवटी एकच ब्रह्म, असा त्याचा अर्थ. चाल गोड, शब्द सोपे, सिद्धान्त अद्वैताचा. उमेदीच्या काळात मी ते कीर्तनात प्रमाण म्हणून घेत असे. "तुकोबाराय म्हणतात" असे म्हणायचे, टाळकऱ्यांनी उचलायचे, सारा मांडव गाऊ लागायचा. अकरा वर्षे मी हे केले. मग भीमाकाठच्या एका गावी सप्ताहात कीर्तन झाल्यावर तिथले विणेकरी जवळ आले. वय झालेले, अंगात बंडी, डोक्याला जुना पटका. हळूच म्हणाले, "बुवा, तो अभंग गाथ्यात कितवा?" मी म्हणालो, "सकाळी सांगतो."

रात्री उतरायच्या घरी विजेच्या दिव्याखाली मी गाथा उघडली. गाथेत साडेचार हजारांहून अधिक अभंग. अनुक्रमणिका पाहिली, नाही. बीज शब्दाने, एक शब्दाने, वृक्ष शब्दाने पाहिले, नाही. मग एकदम ध्यानात आले आणि घाम फुटला. त्या गाण्याला नाममुद्राच नाही. "तुका म्हणे" कोठेच येत नाही. तिसरीतल्या पोराच्या लक्षात यावी अशी गोष्ट अकरा वर्षांत माझ्या लक्षात आली नव्हती, कारण चाल गोड होती आणि लोक डोलत होते. पुढे पुण्यात एका गायनमास्तरांनी सांगितले, ते गीत शांताराम आठवल्यांचे, चित्रपटासाठी लिहिलेले. आठवल्यांचा यात काही दोष नाही. त्यांनी तुकोबांच्या विचाराला साजेसे गीत लिहिले, तुकोबांची मुद्रा घातली नाही. मुद्रा घातली ती आम्ही, तोंडाने.

सकाळी मी त्या विणेकऱ्यांना काही सांगितले नाही. नारळ आणि पाकीट घेतले आणि पहिल्या एस.टी.ने निघालो. ते दारात विणा घेऊन उभे होते, मी लांबूनच हात जोडले. दोन वर्षांनी पुन्हा त्या गावी गेलो तेव्हा विणा दुसऱ्याच्या गळ्यात होता. हे मी आजवर कोणाला सांगितले नव्हते.

आपल्या कीर्तनात प्रमाणाचा नियम कडक आहे. निरूपण तुमचे, दृष्टान्त तुमचा, पण प्रमाण संतांचेच. अर्थ लावायला मोकळीक आणि शब्दाला बंधन, अशी ही व्यवस्था आहे. तिच्यामुळेच साडेतीनशे वर्षे तुकोबा आपल्यापर्यंत आले. वह्या इंद्रायणीत गेल्या तरी शब्द लोकांच्या मुखी राहिले. चित्रपटाला हे बंधन नाही, आणि नसावेही. त्याने कल्पनेने घर उभे करावे, जिजाईला बोलते करावे, गाणे रचावे. पण ते पाहून आलेल्या कीर्तनकाराने गाथा उघडायला हवी. कलावंताने लावलेला अर्थ हा अर्थ म्हणून घ्यावा, प्रमाण म्हणून घेऊ नये. तुकोबांनी शिवरायांना काय सांगितले हे चित्रपट दाखवतो, तेव्हा तो १९३६ च्या माणसांना काय हवे होते हेही दाखवतो. दोन्ही पाहावे, पण वेगवेगळे ओळखावे.

चित्रपटाचा शेवट वैकुंठगमनाचा. तुकोबा गरुडावर बसून आकाशात जातात. माझी वैकुंठगमनावर श्रद्धा आहे, ती वादात घालायची नाही. पण आता म्हातारपणी पाहताना गरुडाच्या करामतीकडे माझे लक्ष जात नाही. लक्ष जाते खाली, जिजाईकडे. नवरा वैकुंठाला चल म्हणतो आणि तिचा जीव चुलीत, पोरांत, संसारात अडकलेला. ती मागे राहते, वर पाहत राहते, आणि चित्रपट संपतो.

चित्रपट संपतो, पण इतिहास तेथे संपत नाही. परंपरा सांगते की त्या वेळी जिजाईंच्या पोटात नारायण होते. बाप न पाहिलेल्या या मुलाने १६८५ साली तुकोबांच्या आणि ज्ञानोबांच्या पादुका पालखीत ठेवून पंढरीची वाट धरली. आपण "ज्ञानोबा-तुकाराम" म्हणत चालतो तो गजर तेथून वाढत आला. आज देहूहून निघणारी पालखी, ते रिंगण, त्या दिंड्या, हे सारे मागे राहिलेल्या त्या बाईच्या घरातून निघाले. ती चुलीपाशी राहिली म्हणून वारीला पालखी मिळाली, असे मी म्हणतो. हा मी लावलेला अर्थ आहे, प्रमाण नव्हे. पण राष्ट्राचा इतिहास कोठे शोधायचा असे कोणी विचारले, तर मी राजाच्या नजराण्याआधी या चुलीकडे बोट दाखवीन. पुढे कोणी तुकोबांवर चित्रपट काढणार असेल, तर त्याने आकाशात शेवट न करता देहूच्या घरात करावा, एवढे या म्हाताऱ्याचे मागणे.

आता तसबिरीचे. आजीने आणलेली ती तसबीर पागनीसांची आहे, तुकोबांची नव्हे. हे मला तरुणपणीच कळले होते, पण मन मान्य करीत नव्हते. साठ-पासष्ट वर्षे आमच्या घरात त्या चेहऱ्याला गंध लागले, बीजेला हार पडला. मध्ये मी ठरवले की ती देव्हाऱ्यातून काढून बाहेर ओटीवर वडिलांच्या फोटोशेजारी लावावी. सौभाग्यवतीने हात धरला. म्हणाली, "सासूबाईंच्या सासूबाईंनी नमस्कार केला तो कोणाला पोचला ते तुकोबांना ठाऊक. तुम्ही कशाला पत्ता बदलता?" मला उत्तर सुचले नाही. तसबीर देव्हाऱ्यातच आहे. मी तिच्या पाठीमागे कागद चिकटवून लिहून ठेवले: "विष्णुपंत पागनीस, 'संत तुकाराम' चित्रपटात, १९३६." आणि तिच्यासमोर गाथा ठेवली.

त्या टाळकरी मुलाला मी निरोप पाठवला आहे. एकादशीला ये, चित्रपट पुन्हा एकदा दोघे मिळून पाहू, मांडीवर गाथा घेऊन. जेथे पडदा सांगेल तेथे थांबू आणि पाने उलटू. आणि भीमाकाठच्या त्या विणेकऱ्यांचा प्रश्न त्याला पहिल्याच दिवशी शिकवायचा आहे: "तो अभंग गाथ्यात कितवा?"

पुंडलिक वरदे हरि विठ्ठल.